पडद्यावरचे वस्त्र, आळीतले माप

रत्नागिरी जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराविषयी लिहिणारे लोक मनीऑर्डरीचा उल्लेख केल्यावाचून पुढे सरकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कारण मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत राबणाऱ्या चाकरमान्याने दरमहा धाडलेल्या पैशांवरच या लाल मातीतील कित्येक घरे पावसाळ्याआधी शाकारली जात. परंतु त्याच चाकरमान्याने गणपतीला आणि शिमग्याला, आधी आगबोटीतून, मग एस. टी.तून आणि १९९८ नंतर कोकण रेल्वेतून जी पत्र्याची ट्रंक गावी आणली, तिच्यातील ऐवजाची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात झालेली नाही. तिच्यात गिरणीतून सवलतीने मिळालेले लुगडे असे, पोरींसाठी छापील चिटाचा ताका असे, पोलक्याचे दोन तुकडे असत. आणि त्या कापडाबरोबरच, त्याचे काय व कसे शिवावे याविषयी लालबाग-परळच्या चित्रपटगृहांत पाहून मनात धरलेले एक पक्के मतही असे. कापड वापरून विरले, पण मत आळीतल्या शिंप्याच्या हाती गेले आणि तेथून साऱ्या वाडीचे झाले.

या मताचे मूळ धुंडाळू लागले, तर मुंबईच्या शिवणखोल्यांतून आणि चित्रीकरणाच्या दालनांतून फिरत फिरत वाट पुष्कळदा एकाच व्यक्तीपाशी येऊन थांबते, आणि ती व्यक्ती आंबा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या करवीर नगरीतली निघते. भानुमती राजोपाध्ये, विवाहानंतरच्या भानू अथय्या, यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांमुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ऑस्कर पारितोषिक मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात एकदा नाव गेले, की माणसाविषयीची जिज्ञासा संपते, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव. ज्या बाईने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले, सुवर्णपदक मिळविले, मुंबईतील सर्वांत धीट चित्रकारांच्या पंक्तीत आपली चित्रे टांगली, आणि मग ते दालन सोडून कापडाकडे वळण्याचा निर्णय घेतला, त्या बाईची हकीकत उत्तराच्या त्या एका ओळीत मावणारी नाही. मला येथे तिच्या पारितोषिकाविषयी थोडे आणि त्या निर्णयाविषयी अधिक लिहावयाचे आहे. कारण तिचे खरे प्रदर्शन मुंबईच्या कलादालनात भरले नाही, ते रत्नागिरीसारख्या गावांच्या चित्रपटगृहांत आणि जत्रेतल्या तंबूंत भरले, असे माझे मत आहे.

भानुमतीबाईंचा जन्म २८ एप्रिल १९२९ चा. त्याच वर्षी १ जून रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली, हा योगायोग. परंतु त्या काळचे कोल्हापूर पाहिले तर तो फारसा आश्चर्याचा वाटत नाही. राजोपाध्ये हे आडनावच करवीर दरबारच्या पौरोहित्याचे, म्हणजे सनदा, इनामे आणि सोवळ्याच्या करकरीत परंपरेचे. आणि त्या आडनावाच्या घरात वडील अण्णासाहेब हे कोणत्याही शाळेत न शिकता चित्रकार आणि छायाचित्रकार झालेले, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी ज्यांचा कामानिमित्त संबंध आला असे गृहस्थ. ते मुलीच्या लहानपणीच वारले. पण घरातले रंग, कागद आणि कॅमेरा एवढ्याने संपुष्टात येणारे नव्हते, आणि बाहेर तर सारे शहरच या उद्योगात गढलेले होते.

बाबूराव पेंटर यांच्याविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे मूळचे बाबूराव मेस्त्री, नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता सिनेमाकडे वळलेले, ज्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून १९२० साली ‘सैरंध्री’ आणि पुढे ‘सावकारी पाश’ काढला. त्यांच्या लेखी पडदा रंगविणे, मूर्ती घडविणे, कॅमेरा दुरुस्त करणे आणि नटाचा पोशाख ठरविणे ही निरनिराळी खाती नव्हतीच. एकाच माणसाच्या एकाच हाताची ती कामे होती. मुंबईत कला आणि कारागिरी यांच्यामध्ये जी उंच भिंत पुढे उभी राहिली, तिचा पाया कोल्हापुरात कोणी खणलाच नव्हता. भानुमतीबाईंच्या पुढील आयुष्यात ज्याला लोक ‘चित्रकला सोडणे’ म्हणाले, ते कोल्हापूरच्या हिशेबाने सोडणे ठरत नाही, याचे कारण मला येथे दिसते.

याच शहराने आणखी एक चित्रकार मुंबईस धाडला होता, आणि त्याचीही ख्याती वस्त्रांवरूनच झालेली. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म १८६७, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या हंगामी संचालकपदापर्यंत चढलेले पहिले हिंदी गृहस्थ. ऑटो रॉथफील्ड नावाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या १९२० सालच्या पुस्तकासाठी त्यांनी प्रांतोप्रांतीच्या स्त्रियांची चित्रे काढली, आणि त्यांतील पदरांचे वळण, नथीची बैठक, काष्ट्याचा ताण इतका बिनचूक आहे की आज नेसण्याच्या जुन्या पद्धती शोधणारा अभ्यासक आधी धुरंधरांकडे जातो. तथापि ते पुस्तक साहेबाच्या नजरेचे होते. कोणती जात काय नेसते, याची खानेसुमारी करावी तशी ती चित्रे एकामागून एक येतात. स्त्री तेथे नमुना म्हणून उभी आहे. भानुमतीबाईंनी धुरंधरांपासून काय घेतले याचा पुरावा मजपाशी नाही, पण दोघांत फरक काय हे सांगता येते. धुरंधर जे नेसलेले होते ते काढीत. या बाईंनी जे अजून कोणी नेसलेले नव्हते ते काढले, आणि मग लोकांनी ते नेसले.

मुंबईस येऊन त्यांनी जे. जे.मध्ये नाव घातले. तेथे १९५१ साली उषा देशमुख सुवर्णपदक मिळाले, आणि १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. त्या संघाबरोबर चित्रे मांडणाऱ्या त्या एकट्या स्त्री होत. जहांगीर कलादालन तेव्हा नुकतेच, १९५२ साली, उघडलेले. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी १९४७ साली काढलेल्या या संघाला फुटण्यास फार काळ लागला नाही. एकेक जण पॅरिसची आणि लंडनची बोट पकडून गेला. तरीही त्या नावाला जो दरारा होता, तो लक्षात घेता चोवीस वर्षांच्या एका कोल्हापूरकर मुलीचे तेथे असणे ही लहान बाब म्हणता येणार नाही.

या सहांपैकी एकमेव शिल्पकार सदानंद बाकरे यांचा आमच्या जिल्ह्याशी जो ऋणानुबंध जुळला, त्याचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९५१ साली विलायतेस गेलेले बाकरे १९७५ मध्ये परत आले ते मुंबईच्या कलावर्तुळात न रमता थेट दापोली तालुक्यातील मुरूड-हर्णैस येऊन राहिले, आणि २००७ साली निधन होईपर्यंत तेथेच राहिले. महर्षी कर्व्यांच्या या गावात, नारळी-पोफळीच्या आगरात, भारतीय आधुनिक शिल्पकलेचा एक आद्य प्रवर्तक तीन दशके वास करून होता आणि जिल्ह्यातील बहुसंख्य सुशिक्षितांस त्याचा पत्ता नव्हता. दालनाचा वीट आला म्हणून एकाने समुद्राकाठी मौन धरले. दुसरीने मात्र, त्याच दालनाच्या दारातून बाहेर पडून, जिथे सर्वांत अधिक गलबला तिथे जाऊन आपले काम मांडले. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. परंतु कोकणातल्या माणसाच्या अंगावर परिणाम झाला तो दुसऱ्या मार्गाचा.

त्या मार्गाचा आरंभ अगदी साधा, किंबहुना प्रापंचिक होता. वडील नाहीत, घरात भावंडे बरीच, आणि कॅनव्हास विकून महिना निभावेल अशी त्या काळी आरा-हुसेनांचीही स्थिती नव्हती. भानुमतीबाईंनी स्त्रियांच्या इंग्रजी नियतकालिकांत, आधी ‘फॅशन अँड ब्युटी’त आणि मग ‘ईव्ह्ज वीकली’त, पोशाखांची रेखाटने करण्याचे काम धरले. छायाचित्र स्वस्त होण्यापूर्वी फॅशन छापली जात असे ती रेखाटनातूनच, आणि हे काम वरून दिसते तितके हलके नाही. कागदावर नसलेले कापड डोळ्यांना दिसावे लागते. रेशीम कुठे घसरेल आणि खादी कुठे ताठ उभी राहील हे एका रेषेच्या जाडीवरून वाचणारीला कळावे लागते. आणि ते पाहून तिच्या शिंप्याला कात्री चालविता यावी लागते. जे. जे.त नग्न देह समोर बसवून घोटलेले शरीरशास्त्र येथे कामी आले. त्याच नियतकालिकाच्या संपादिकेने पुढे कपड्यांचे दुकान काढले, तेव्हा रेखाटने करणाऱ्या बाईंनाच प्रत्यक्ष कपडे करण्यास सांगितले, आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांत कामिनी कौशल आणि नर्गिस होत्या. सिनेमाचे दार उघडले ते असे.

१९५५ सालच्या ‘श्री ४२०’ मधील नादिराचा झगमगता गाऊन ज्यांनी पाहिला असेल, त्यांना राज कपूरच्या नायकाचा मोह कुठे आहे हे संवादावाचून कळले असेल. नर्गिसची सुती साडी आणि नादिराचा तो गाऊन, या दोन वस्त्रांतच साऱ्या कथेचा तंटा मांडलेला आहे. त्यानंतर गुरुदत्तच्या ‘सी. आय. डी.’, ‘प्यासा’, ‘चौदहवीं का चाँद’, ‘साहिब बीबी और गुलाम’ आणि विजय आनंदांच्या ‘गाइड’पासून ‘तीसरी मंज़िल’पर्यंत चित्रपट येत गेले, एकूण संख्या शंभरावर जाते. यादी देण्यात मला स्वारस्य नाही. ज्या दोन-तीन ठिकाणी त्यांचे काम पडदा सोडून आमच्या आळीत उतरले, तेवढी ठिकाणे पाहू.

१९६५ च्या ‘वक़्त’मध्ये साधनाने अंगासरशी बसणारा बिनबाह्यांचा कुडता आणि चुडीदार घातला. कल्पना साधनाची, हात भानुमतीबाईंचा. त्यापूर्वी हा पोशाख उत्तरेकडच्या मुसलमान व पंजाबी घरांचा, ढगळ आणि घरगुती समजला जाई; या एका चित्रपटाने तो कॉलेजात जाणाऱ्या कोणत्याही मुलीचा झाला. कोणत्याही, असे मी म्हटले खरे, पण घाटाखाली फॅशन उतरावयाला वेळ लागत असे. येथे मुलगी मॅट्रिकला गेली की परकर-पोलके सुटून पाचवारी अंगावर येई, आणि चुडीदार ही मुंबईच्या मामाकडून आलेली, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली, फार तर सहलीला घालण्याची चीज राही. शिंप्यांना तो पायजमा बेतता येत नसे. आडव्या तिरप्या कापडावर कात्री चालवावी लागते, कापड पुष्कळ वाया जाते, आणि वाया गेलेल्या कापडाचा जाब घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यावा लागतो. या कोकणी काटकसरीनेच त्या पोशाखाला कित्येक वर्षे वेशीबाहेर थांबविले, नीतिमत्तेने नव्हे.

पुढच्याच वर्षी ‘आम्रपाली’ आला. लेख टंडन यांच्या या चित्रपटासाठी भानुमतीबाईंनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास करून वैजयंतीमालेसाठी उत्तरीय, कंचुकी आणि कासोट्याचे अंतरीय योजिले. चित्रपट तेव्हा चालला नाही, पण त्यातल्या वेषाने पुढील पन्नास वर्षांच्या साऱ्या पौराणिक-ऐतिहासिक नटींचा साचा घालून दिला. दूरदर्शनच्या मालिकांतील अप्सरांपासून शाळेच्या स्नेहसंमेलनातील शकुंतलेपर्यंत. अजिंठ्याचे अंतरीय मागे कासोटा खोवून नेसतात आणि नऊवारी लुगडेही. कोल्हापुरात सकाळ-संध्याकाळ काष्ट्याच्या बायका अंबाबाईच्या दर्शनास जाताना पाहत वाढलेल्या मुलीला ती भित्तिचित्रे पुरातन किंवा परकी वाटली असतील, हे मला संभवनीय दिसत नाही. कापडाचा एक अखंड पट्टा, न शिवता, न कापता, देहाच्या चालण्यावर कसा सोडून द्यावयाचा, हे ज्ञान तिला ग्रंथालयातून मिळवावे लागले नाही. भाताच्या खाचरात लावणीस वाकलेल्या आमच्याकडील कुणबिणीचे गुडघ्याबरोबर खोचलेले लुगडे आणि मिरकरवाड्यावर मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या बाईचा घट्ट काष्टा हे त्याच ज्ञानाचे अधिक राबते नमुने आहेत.

आणि मग १९६८ चा ‘ब्रह्मचारी’. शम्मी कपूरबरोबर नाचणाऱ्या मुमताजची ती नारिंगी साडी पुष्कळांच्या स्मरणात आहे. नाचात पदर सुटू नये, निऱ्या पायांत येऊ नयेत आणि तरीही प्रेक्षकाला ती साडीच वाटावी, अशी ती अट होती. भानुमतीबाईंनी साडी नेसविली नाही, शिवली. निऱ्या आधीच घालून टाक्यांनी बांधून टाकल्या, घेर अंगाला आवळत नेला आणि कडेला झिप बसविली. कारागिरीचा हा एक लहानसा तोडगा. परंतु शतकानुशतके ज्याला सुई लावणे अशुभ मानले गेले त्या वस्त्राला चित्रकार बाईने निःशंकपणे सुई लावली, आणि देशभरातल्या बायकांनी त्याची नक्कल केली.

ही सारी वस्त्रे रत्नागिरीने पाहिली ती कशी, याचाही थोडा तपशील द्यावा लागेल. पावसाळा सरला, भात कापून झाले, की जत्रांच्या हंगामात गावोगाव फिरते सिनेमे येत. कापडाचा तंबू, मध्यावर पडदा, मागे धडधडणारे जनित्र. बायकांची बसण्याची जागा दोरीने वेगळी केलेली, आणि रीळ बदलताना सारा तंबू मोठ्याने बोलू लागे. शहरातील चित्रपटगृहांत पंखे होते एवढाच फरक. नवा चित्रपट येथे पोहोचेतो मुंबईत जुना झालेला असे, आणि फीत इतकी झिजलेली असे की नारिंगी साडीचा रंग नेमका कोणता यावर दोन मते पडत. पण कलादालनातल्या चित्रापुढे कोण किती वेळ उभा राहतो? येथे पाचशे माणसे तीन तास एकाच चौकटीकडे टक लावून बसत, त्यांतल्या काहीजणी तोच चित्रपट पुन्हा पाहात आणि तिसऱ्या दिवशी कापड घेऊन शिंप्याकडे जात. कोणत्या चित्रकाराला असे प्रेक्षक लाभले?

कलासमीक्षकांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला आहे. त्यांच्या मते भानुमतीबाई चित्रकलेस मुकल्या, आणि त्यांच्या पश्चात २०२० साली त्यांची जुनी चित्रे लिलावात आली तेव्हा ‘गमावलेली आधुनिक चित्रकर्ती’ अशा स्वरात त्यांचे पुन्हा स्वागत झाले. स्वागत योग्य होते, स्वर मात्र मला खटकला. साठ वर्षे ज्या बाईचे काम कोट्यवधी लोकांनी पाहिले तिला गमावले कोणी?

‘गांधी’ विषयी लिहिताना मात्र हा वाद बाजूला ठेवावा लागतो, कारण तेथे फॅशनचा संबंधच नाही. तेथे फॅशनचा त्याग हाच कथेचा विषय आहे. रिचर्ड ॲटनबरोंनी या चित्रपटाची खटपट सतरा वर्षे केली आणि वेषकाराची निवड पाव तासात केली, असे ते स्वतः सांगत. ब्रिटिशांचे गणवेष जॉन मोलो यांनी पाहिले. हिंदी माणसांचे सारे वस्त्र भानुमतीबाईंकडे. १८९३ मध्ये आफ्रिकेत रेल्वेच्या पहिल्या वर्गातून ढकलून दिलेला, कडक कॉलरीचा बॅरिस्टर. १९१५ मध्ये काठेवाडी पागोटे आणि अंगरखा घालून मुंबईच्या धक्क्यावर उतरलेला गृहस्थ. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेस पंचा कमरेला लावून उरलेले कपडे कायमचे उतरवून ठेवणारा महात्मा. हे एका माणसाचे चरित्र वस्त्राच्या उलट हिशेबाने सांगावयाचे होते, दर वर्षी काहीतरी कमी करीत. नटाच्या अंगावर रोज नवे काही चढविण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्यासमोर उतरविण्याची ही कामगिरी आली. शिवाय त्या पंचाला धुलाईचे, उन्हाचे, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या धुळीचे वय असावे लागते. कोरे कापड कॅमेऱ्याला ताबडतोब ओळखू येते. आणि त्या एका पंचाच्या भोवती शेकडो प्रकारची माणसे: बिहारचा नीळ-शेतकरी, काँग्रेसचा टोपीवाला पुढारी, पारशी वकील, सरहद्दीवरचा पठाण, चौपाटीवर मीठ उचलणारी गुजराती बाई, प्रत्येकाचे डोके आणि पाय वेगळे. ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत अंत्ययात्रेचे दृश्य घेतले गेले, त्यात जमलेला समुदाय सुमारे तीन लाखांचा होता.

रत्नागिरीकरांना या पंचाची ओळख पडद्यावर होण्याची आवश्यकता नव्हती. मार्च १९२७ मध्ये गांधीजी येथे आले होते, स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांची त्यांनी घरी जाऊन भेट घेतली होती, आणि ते दृश्य ज्या पिढीने पाहिले तिची मुले-नातवंडे १९८३ मध्ये चित्रपटाच्या रांगेत उभी होती. वस्त्राचे राजकारण तर या गावाने त्याही आधी पाहिले आहे. १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास येथे आणून ठेवले, आणि १९१६ साली मरण येईपर्यंत तो मनुष्य रत्नागिरीत राजाच राहिला तो प्रजेमुळे नव्हे, कारण प्रजा नव्हतीच, तर रेशीम, रत्ने आणि समारंभ यांच्या जोरावर, सरकारी तनख्यातून. १९१० साली पुरा झालेला त्याचा राजवाडा खाडीवरच्या टेकडीवर आजही उभा आहे. राज्य गेल्यावर वस्त्र सोडू न शकलेला राजा आणि वस्त्र सोडून राज्य हलविणारा बॅरिस्टर, या दोघांच्याही पावलांची धूळ एकाच गावाच्या रस्त्यांवर पडलेली आहे.

११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये भानुमतीबाईंच्या हाती ती सोन्याच्या मुलाम्याची बाहुली आली. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पारितोषिके मिळाली, आणि २०१० मध्ये त्यांनी आपल्या कामाविषयी एक सचित्र ग्रंथही काढला. मराठी चित्रपटासाठी त्यांचे नाव अखेरच्या काळात, २०१५ च्या ‘नागरिक’मध्ये, दिसते, मराठी निर्मात्यांना आपल्याच माणसाची आठवण इतक्या उशिरा का व्हावी, याचे उत्तर बहुधा बजेट या एका शब्दात आहे. २०१२ मध्ये मात्र त्यांनी असे काही केले की वृत्तपत्रे चकित झाली: ऑस्करची ती मूर्ती त्यांनी अमेरिकेतील अकादमीकडे जपून ठेवण्यासाठी परत पाठविली. शांतिनिकेतनातून २००४ साली रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीस गेले, ते त्यांच्या मनात होते. काहींना हा देशाचा अपमान वाटला. मला तो एका व्यवहारी कोल्हापूरकर बाईने आपल्या सरकारी संग्रहालयांवर मारलेला बिनचूक शेरा वाटतो, आणि त्या शेऱ्याला अद्याप कोणी खुलासा दिलेला नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता त्या कामाची वर्दळ अजून कुठे चालू आहे, ते सांगतो. शिमगा जवळ आला की जिल्ह्यातील वाड्यावाड्यांतून नमन-खेळ्यांची मंडळे तालमीस बसतात. देवळाच्या सहाणेवर किंवा एखाद्याच्या अंगणात मांडव पडतो, मृदंग-झांजेवर गण होतो, मग गवळण, मग काळा मुखवटा, उंच टोपी आणि कमरेला घुंगरू घातलेला संकासूर लोकांच्या अंगावर धावून जातो, आणि शेवटी वग. मुंबईतल्या मंडळांचे प्रयोग दादरच्या शिवाजी मंदिरात होतात, आणि २०२३ पर्यंत परळच्या दामोदर नाट्यगृहातही होत, तिकिटे लावून. या खेळातल्या गवळणी पूर्वी सगळे पुरुषच असत; मिशा काढलेला एखादा खलाशी किंवा गवंडी आईचे लुगडे आणि बहिणीचे पोलके मागून आणी. आज गवळणींच्या अंगावर पाहावे तर चकाकणारे, एकाच ठेवणीचे, मुमताजच्या जातीचे वस्त्र असते. एका मंडळाच्या गवळणीला मी विंगेत विचारले, तेव्हा तो घाम पुशीत म्हणाला, “काका, नेसू येत नाय असां नाय. पण गवळण झाली की चार मिंटात मला राणी होवचा असता. नऊवार कोण फेडीत बसणार?”

हे चार मिनिटांत चढणारे वस्त्र शिवतो रत्नागिरीच्या राम आळीतल्या एका बोळातला शिंपी. त्याच्या दुकानात शिवलेल्या नऊवाऱ्या हँगरवर ओळीने लटकत असतात, आणि त्यांतली एक त्याने मला उलटी करून दाखविली. कंबरेला पाच बोटे रुंद पट्टी आणि आत नाडी. समोरच्या निऱ्या पोटापाशी टाक्यांनी बांधलेल्या, पण गुडघ्याखाली मोकळ्या, नाहीतर त्या पडदा टांगल्यासारख्या दिसतात. काष्टा मागे दोन हुकांवर अडकतो. पाय घालावयाला सलवारीसारख्या दोन खोळी, आणि पदर निराळा, खांद्यावर पिनेसाठी आतून जाड कापडाचा चौकोन लावलेला. सगळी मेहनत न दिसण्यासाठी केलेली. ब्राह्मणी, पेशवाई, कोळी, लावणीची, असे चार बेत तो वेगवेगळे घेतो आणि चारांची मापे एका वहीत पेन्सिलीने लिहितो. बाईची उंची, कंबर आणि नितंब एवढ्यावर न थांबता तो एक माप असे घेतो, जे मी दुसऱ्या कोणत्या शिंप्याला घेताना पाहिले नाही: गिऱ्हाइकाला दुकानात चालावयास लावून दोन पावलांमधले अंतर. “चाल अडली तर पैसे परत मागतात,” तो म्हणाला.

जुन्या बायकांना हा प्रकार मान्य नाही. लुगड्याला कात्री लावली की ते लुगडे राहत नाही, उद्या त्याची गोधडी कशी करणार, हा त्यांचा आक्षेप अगदी सयुक्तिक आहे. अखंड वस्त्र तीन पिढ्या फिरते, शिवलेले एकाच देहाचे होऊन बसते. मी या वादात शिंप्याच्या बाजूचा आहे. नेसण्याची विद्या ज्यांना अवगत आहे त्यांच्याकडून ती कोणी हिरावून घेतलेली नाही, आणि ज्या मुलींना ती कोणी शिकविलीच नाही त्यांनी गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत काय नेसावे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांपाशी नाही.

सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयात आणि देवरुखच्या कला-महाविद्यालयात आज कोकणातली मुले-मुली चित्रकला शिकत आहेत. त्यांच्यापुढे जहांगीरचे दालन हे ध्येय ठेवलेले असते, आणि ते असावेच. पण त्यांतल्या एखाद्या मुलीने पदविका घेऊन नमनाच्या मंडळाचे पोशाख काढावयास घेतले, तर तिच्या शिक्षकांनी हळहळू नये. नमनाच्या मंडळांना अशा हातांची फार गरज आहे. तूर्त तरी त्यांचे रंग बाजारात जे चमकदार सॅटीन स्वस्त मिळेल त्यावरून ठरतात, आणि संकासुराच्या काळ्यापुढे गवळणीचा पोपटी कसा दिसेल याचा विचार कोणी केलेला नसतो. राम आळीतल्या त्या शिंप्याने मुलाला हा धंदा शिकविला नाही. तो मुलगा पुण्यास संगणकाच्या कंपनीत आहे. शिमग्याच्या मागण्या शिंप्याकडे तुळशीच्या लग्नानंतर लागतात, माघ संपला की नवे माप तो घेत नाही, आणि आगाऊ निम्मे पैसे दिल्याशिवाय मंडळाचे नाव वहीत चढत नाही.